'घरीच तर हाय!' : गावात बसून कोडिंग करणाऱ्यांचे अनुभव

मार्च २०२० मध्ये पुण्याहून दोन बॅगा आणि कंपनीचा लॅपटॉप घेऊन गावी आलो, तेव्हा बायकोला म्हटलं होतं की पंधरा-वीस दिवसांचंच आहे. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही आणि पावसाळ्यात काळी माती चप्पल ओढून घेते. पुढे कंपनीने परत बोलावलं, मग महिन्यातून एक आठवडा या म्हणाले, आणि आम्ही इथलेच झालो. मुलगा गावच्या शाळेत तिसरीत आहे.

लोकांना वाटतं, गावातून काम म्हणजे नेटची अडचण. ती आहेच. पण फायबर घेतला, इन्व्हर्टर बसवला, रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडला तर हाताशी दोन वेगवेगळी सिमं ठेवली. हे पैशानं सुटतं. न सुटणारं दुसरंच आहे. वडील आयुष्यभर शेतात राबले. त्यांच्या लेखी काम म्हणजे ज्यात अंग हलतं. आणि मी कोडिंग करताना टाइप कमी करतो, बघत जास्त बसतो. बाबा दारात येतात, दोन मिनिटं निरखतात आणि म्हणतात, "काई करून नाई राह्यला ना? चाल, सोयाबीनचे पोते उतरवू."

सुरुवातीला मी चिडायचो. डोक्यात सात-आठ फाइलींचा पसारा मांडलेला असतो. पोतं उचललं की तो विस्कटतो, पुन्हा मांडायला अर्धा तास जातो. हे त्यांना समजावायला एकदा डवरणीचा, म्हणजे पिकाच्या तासांतल्या (ओळींतल्या) कोळपणीचा, दाखला देत म्हटलं, "बाबा, डवरणी करताना मधेच बैल तासातून बाहेर काढला तर?" ते म्हणाले, "त मंग परत तासाले लावाचा. त्यात काय?"

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. विदर्भातल्या गावांतून हे काम आणि घर दोन्ही ओढणाऱ्यांनी इथे लिहा. 'वेळेचं नियोजन करा' छापाचे सल्ले नकोत, ते कंपनी दर तिमाहीत पाठवतेच. घडलेलं सांगा.

वरुड तालुका

तुमच्या बाबांना निदान मुलगा रिकामा वाटतो. मी सून आहे. सुनेचं खुर्चीत बसणं रिकामं नाही, उद्धट दिसतं.

मी टेस्टिंगमध्ये आहे, ऑटोमेशन. आमची संत्र्याची बाग. आंबिया बहाराची फळं तयार होत आली की व्यापारी बाग पाहायला केव्हाही येतात, आणि माझी मीटिंग चालू असताना ओसरीवरून हाक येते, चहा टाक. चार वर्षं टाकला. कानात हेडफोन, एका हातात गाळणी, आणि तिकडे मॅनेजर विचारतोय किती टेस्ट केस राहिल्या.

फरक पडला तो महालक्ष्म्यांच्या वेळी. आमच्याकडे तीन दिवस असतात, रजा मी जूनमध्येच टाकली होती. नेमकं रिलीज पुढं सरकलं आणि त्याच आठवड्यात आलं. जेवणाच्या दिवशी सकाळी मी पुरण वाटतेय, हात कोपरापर्यंत भरलेले, आणि फोन थांबेना. जाऊबाईंनी उचलून स्पीकरवर टाकला. टीममधला नवा मुलगा रडवेला होऊन एरर वाचून दाखवत होता. मी वाटता वाटता म्हटलं, "टाइमआउट वाढवू नकोस. तो वाढवला की टेस्ट पास होईल आणि खरा बग आत राहील. लॉगिननंतर पान बदलायच्या आधीच तू बटण शोधतोयस. तिथे थांबव. आणि मी सांगेपर्यंत मर्ज करायचं नाही." जरा आवाज चढलाच.

फोन बंद झाला तेव्हा स्वयंपाकघर चिडीचूप. कढीची पळी हातात धरून आत्या बघतायत. सासूबाईंनी विचारलं, "कोनाले रागावली वं?" म्हटलं, हाताखालचा मुलगा आहे. त्या काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायांना मात्र सांगत होत्या, "इच्या हाताखाली पोट्टे हायेत!"

आता दारात उभ्या राहून आधी विचारतात, "म्यूट हायेस का?" चहाचं मात्र अजून माझ्याकडेच आहे.

चंद्रपूरजवळचं गाव

थोडक्यात लिहितो, बाळ झोपलंय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. कूलर लावला की मीटिंगमधले विचारतात, हेलिकॉप्टरमध्ये आहेस का. बंद केला की दोन मिनिटांत कीबोर्डवर घाम टपकतो, आणि आठ महिन्यांचं बाळ उठतं, कारण ते कूलरच्या घरघरीतच झोपतं. बाळाचा आवाज कूलरपेक्षा मोठा. म्हणून एप्रिल ते जून मी बोलतच नाही, सगळं चॅटमध्ये लिहितो. यंदाच्या मूल्यमापनात 'मितभाषी, पण लिखित संवाद उत्तम' असं आलंय. कूलरचं गवत दर वर्षी नवीन भरतो, कंपनीला त्याचं बिल लावावं म्हणतो.

यवतमाळ जिल्हा

आमच्या फीडरवर शेतीची थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. आणि दर चार आठवड्यांनी माझी ऑन-कॉल पाळी, म्हणजे सर्व्हर पडला तर रात्री मला फोन. हे दोन आठवडे एकमेकांवर पडले की काय होतं ते सांगतो.

डिसेंबर, हरभऱ्याला ओलीत सुरू. लहान भाऊ सासरी लग्नाला गेलेला, त्यामुळे मी आणि बाबा. रात्री दीडला स्प्रिंकलरचे पाईप एका पट्ट्यातून उचलून पुढच्या पट्ट्यात मांडायचे. भिजलेली माती पायाला धरते, पाईपातलं उरलेलं पाणी बाहीतून काखेपर्यंत जातं, थंडी अशी की बोटं वळत नाहीत. दुसरा पाईप उचलला आणि खिशात फोन वाजायला लागला.

लॅपटॉप विहिरीवरच्या खोपडीत, पोत्यात गुंडाळलेला. पण खोपडीत नेटवर्क नाही. ते मिळतं विहिरीच्या कठड्यावर, तेही पूर्वेकडे तोंड केलं तर. तिथे बसून पाहिलं तर डेटाबेसची सगळी कनेक्शनं संपलेली. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ती मर्यादा मुळात १०० ची असते आणि आम्ही कधी वाढवली नव्हती. दुपारी कुणीतरी चढवलेल्या कोडमध्ये चूक झाली की कनेक्शन उघडंच राहत होतं. एक-एक करत संध्याकाळपासून सगळी अडकली. नवं कोड मागं घ्यायचं आणि सर्व्हिस परत सुरू करायची, एवढंच काम, पण फोनच्या नेटवर ते वीस मिनिटं चाललं.

तेवढ्यात मागे पाईपाचा जोड निसटला आणि कारंजं थेट आमच्या दिशेनं. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून लॅपटॉपवर तंबूसारखा धरला, दुसऱ्या हातात बॅटरी. मोटर बंद करायला गेले नाहीत, भिजत उभे राहिले. काम झाल्यावर विचारलं, "काय झालं होतं?"

म्हटलं (डीपी म्हणजे शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर), "एकाच डीपीवर साऱ्याईनं मोटरी लावल्या आन् कोनीच बंद करत नाई, तसं."

"मंग डीपी उडनच. लोड कमी केला का?"

"केला."

"अन् ज्यानं मोटर चालू ठेवली त्याले सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी टीमची मीटिंग झाली. तासभर चर्चा करून निष्कर्ष तोच निघाला, फक्त त्याला इंग्रजीत मोठं नाव होतं.

बायकोनं बजावून ठेवलंय, रात्री दोनला विहिरीच्या कठड्यावर लॅपटॉप घेऊन बसतोस हे माझ्या माहेरी सांगू नको.

बुलडाणा जिल्हा, अविवाहित

माझा अनुभव वेगळा आहे, कारण माझं कुटुंबच अजून व्हायचंय. स्थळं येतात. पगार ऐकून मंडळी खूश, 'राहतो कुठं' ऐकून गार. "पुन्याले असता त देली असती" असं एका मामांनी तोंडावर सांगितलं. हिंजवडीत तिघांत एक खोली घेऊन राहणारा माझा मित्र, पगार माझ्याइतकाच, त्याचं लग्न दोन महिन्यांत जमलं.

तोवर मी गावाचा बिनपगारी कंप्युटरवाला. ई-पीक पाहणीच्या, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या दिवसांत तर विचारू नका. ती नोंद शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढून करायची असते, घरी बसून होत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी कुणाच्या ना कुणाच्या कपाशीत उभा. एका काकांना वाटतं, अमेरिकेतलं काम मी दुपारी करतो आणि हे माझं मुख्य आहे.

भंडारा जिल्हा

मी कोडिंगवाली नाही, कोडिंगवाल्याची बायको. घरच्यांनीही लिहिलेलं चालेल ना?

आमच्याकडे धान. जुलैत रोवणा (भाताची लावणी) लागला की सकाळी सहाला पऱ्हे, म्हणजे रोपं, खणायला बाया येतात, त्यांचा चहा, नंतर बांधीवर (भातशेतात) न्यायची शिदोरी. हे सगळं सासरे आणि मी बघतो, कारण नवरा रात्री दोनला झोपलेला असतो. त्याच्या न्यूयॉर्कच्या लोकांचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६.३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात, की आपले ७.३०. तो म्हणतो एकाच तासाचा फरक. पण साडेसहाला मुलं खेळत असतात आणि साडेसातला ताट वाढलेलं असतं. तेव्हा मार्चपर्यंत मुलं बापाशिवाय जेवतात. मी हे भिंतीवरच्या पंचांगात लिहून ठेवलंय, एकादशीच्या खाली.

मला राग येतो तो त्याच्या गैरहजेरीचा नाही. समोरच्या खोलीत तो दिसतो, मुलगी दाराला नाक लावून बसते, आणि तो हात हलवून 'नंतर' म्हणतो, याचा येतो. बांधीवर गेलेला माणूस दिसत नाही, तर कुणी वाट तरी बघत नाही.

एक गोष्ट मात्र जमून येते. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. अख्ख्या गावात अमेरिकेच्या वेळेशी जुळणारी तेवढीच एक गोष्ट आहे. मीटिंग संपवून साडेअकराला तो मंडपात येतो, मुलगी मांडीवर झोपलेली असते, आणि पहिला अंकसुद्धा चुकलेला नसतो.

वाशीमचा, सध्या पुण्यात

मी परत गेलो, त्याचंही लिहितो. तीन वर्षं गावात काढली. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, बहिणीचं बाळंतपण, तुरीची कापणी, गावातली सगळी मयत. प्रत्येक वेळी 'तू घरीच तर हायेस' म्हणून मीच. नाही म्हणता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणावंसंही वाटायचं नाही. काम रात्रीवर ढकलत गेलो. एकदा मयतीतून येऊन रात्री अकराला बसलो आणि डेटाबेसमधल्या ज्या टेबलला हात लावायचा नव्हता त्याच टेबलमधल्या नोंदी उडवल्या. बॅकअप होता म्हणून वाचलो. त्या रात्री बायको म्हणाली, आता चला.

गंमत अशी की पुण्यातही मी आठवड्यातले चार दिवस फ्लॅटमधूनच काम करतो. तीच खुर्ची, तोच लॅपटॉप. आईचा दुपारी फोन येतो. मी उचलला की आधी हळू आवाजात विचारते, "ड्यूटीवर हायेस का? मंग ठेवतो, संध्याकाळी करजो." आणि ठेवून देते.