नेक हंबकर (गिटारच्या मानेकडचा दोन गुंडाळ्यांचा पिकअप): '५९ की जॅझ?

प्रश्न: लेस पॉल पद्धतीची सेकंडहँड गिटार आहे. ब्रिजकडचा, म्हणजे तारांच्या बुडाकडचा पिकअप (तारांची थरथर टिपणारा चुंबकी भाग) झकास, पण नेकच्या पिकअपवर आलो की जाड तारा नुसत्या घुमतात. क्लीनवर (डिस्टॉर्शन न लावता) कॉर्डमधले स्वर वेगळे ऐकूच येत नाहीत. नेकसाठी सेमूर डंकन कंपनीचा '५९ पिकअप घेऊ की जॅझ?

उत्तर: जॅझ. दोन्हींत चुंबक अल्निको ५ जातीचाच, पण जॅझचा खर्ज आवळलेला. '५९ गोड आहे हो, पण तुमची तक्रारच घुमण्याची!

उत्तर: पैसे घालवण्याआधी स्क्रूड्रायव्हर घ्या. पिकअप खर्जाच्या बाजूने दोनेक मिलिमीटर खाली करा. मग मागचं झाकण उघडून पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा बदलता रोध) बघा. माझ्या गिटारीत २५० केचा (किलो-ओहमचा) निघाला. ५०० केचा टाकला नि आवाजावरचं मळभ गेलं.

प्रश्नकर्ता: खाली केला, निम्मं काम झालं. पॉटवर 'बी २५० के'च आहे! शनिवारी सोल्डरिंग.