कॅमरी, अकॉर्ड, सोनाटा की क्राउन? ओहायोत मोठी सेडान सुचवा

सायोतोकाठ
मंडळी, मुक्काम कोलंबसच्या उत्तरेला. रोज जाऊन-येऊन 80 मैल, जवळजवळ सगळे फ्रीवेवर. धाकटं अजून उलट्या तोंडाच्या कारसीटमध्ये. उन्हाळ्यात पुण्याहून आईबाबा येतात, दोघांचेही गुडघे कुरकुरतात. सगळ्यांनी मिळून जायला मिनीव्हॅन आहे, ही गाडी रोजची. बजेट 35 हजार. शक्यतो अमेरिकन कंपनीची फुल-साइझ हवी होती. काय घ्यावं?

स्टेपनी
अमेरिकन कंपनीची साधी मोठी सेडान आता शोरूममध्ये जवळपास उरलेलीच नाही. टॉरस 2019 मध्ये बंद झाली, इम्पाला आणि फ्यूजन 2020 मध्ये, 'क्रायस्लर 300' ही 2023 च्या शेवटी आणि मालिबू नोव्हेंबर 2024 मध्ये. कॅडिलॅक नाहीतर नवी चार्जर बघायची तर बजेट विसरा. पण 'बिल्ट इन अमेरिका' चालणार असेल तर होंडाची अकॉर्ड वर्षानुवर्षं तुमच्या शेजारच्या मेरिसव्हिलला बनत आलीय, आणि टोयोटाची कॅमरी केंटकीत जॉर्जटाउनला बनते.

फावला_वेळ
कॅमरीची एलई ट्रिम (म्हणजे व्हेरियंट) घ्या, डोळे मिटून. 2025 पासून ती फक्त हायब्रिड आहे, शहर-हायवे एकत्रित 51 एमपीजी, म्हणजे गॅलनला 51 मैल. अकॉर्ड एलएक्स पेट्रोलला 32. वर्षाला 20 हजार मैल धरले तर 233 गॅलन वाचतात.

स्टेपनी
डोळे उघडेच ठेवा. :) ते 80 मैल फ्रीवेचे आहेत, म्हणजे आकडा हायवेचा धरायला हवा: कॅमरी एलई 50, अकॉर्ड एलएक्स 37. फरक 140 गॅलनच्या आसपास, 3 डॉलर भावाने वर्षाला 420. हायब्रिडची खरी कमाई सिग्नलवर होते, ब्रेक दाबताना बॅटरी भरते तेव्हा. फ्रीवेवर तो फायदा आटतो.

माझं मत अकॉर्ड हायब्रिड ईएक्स-एल, आणि त्याचं कारण मागची सीट. अकॉर्डला मागे पायांसाठी 40.8 इंच, कॅमरीला 38. ऐकायला पावणेतीन इंच, पण उलटी कारसीट 45 अंशांत टेकवली की तिचा माथा पुढच्या सीटच्या पाठीला भिडतो. मग पुढचा माणूस सीट सरकवत सरकवत गुडघे डॅशबोर्डला लावून बसतो. डीलरकडे जाताना कारसीट सोबत न्या, स्वतः बसवा, आणि पुढे घरातल्या सगळ्यांत उंच माणसाला बसवून बघा. डिकीही मोठी आहे, 16.7 घनफूट विरुद्ध 15.1.

फक्त 'स्पोर्ट हायब्रिड' घेऊ नका. इंजिन तेच, 204 हॉर्सपॉवर, पण चाकं 19 इंची आणि टायर 235/40 (दुसरा आकडा लहान म्हणजे टायरची बाजूची भिंत बुटकी). हायवेला 44 चे 41 होतात. त्यात फेब्रुवारीतल्या खड्ड्यात टायरची भिंत रिमवर चेचली जाते आणि बाजूला फुगा येतो. तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. ईएक्स-एलला 225/50 आर17, कॅमरी एलईला 205/65 आर16. भिंत जितकी उंच तितकं बरं. आणि अकॉर्ड हायब्रिडमध्ये स्टेपनी नसते (माझ्या आयडीला हे बोचतं). कंप्रेसर आणि सीलंटची बाटली मिळते. खिळ्याचं भोक त्याने बुजतं, भिंतीची चीर नाही.

सायोतोकाठ
बर्फाचं काय? अकॉर्डला एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद) नाही म्हणून अडलोय.

मोजपट्टी
एडब्ल्यूडी गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. कॅमरीत मागच्या चाकांना वेगळी मोटर आहे, पुढून मागे शाफ्ट जात नाही. बर्फातून सुटायला ती छान. पण तापमान 45 फॅरनहाइटच्या खाली गेलं की ऑल-सीझन टायरचं रबर कडक व्हायला लागतं, आणि ब्रेक लागतो तो रबरावरच. फ्रंट-व्हील गाडी आणि चार विंटर टायर, स्वतंत्र रिमवर. चारच, फक्त पुढचे दोन नव्हे. नाहीतर वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो.

गुडघ्यांसाठी टोयोटाची क्राउन सगळ्यांत सोयीची, बसायची उंची कॅमरीपेक्षा सुमारे 4 इंच जास्त. पण किंमत 40 हजारांच्या वर. बाकी तिघींत खाली वाकून बसावं लागणारच. ह्युंदाईच्या सोनाटाचं एक बलस्थान म्हणजे 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी.

बारीक_अक्षर
कर्ज काढणार असाल तर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-क्रमांक, बघा. 2025 ते 2028 या कर-वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज, वर्षाला 10 हजार डॉलरपर्यंत, उत्पन्नातून वजा होतं. अट अशी की गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी. 1, 4, 5 किंवा 7 ने सुरू होणारा नंबर म्हणजे अमेरिका. अकॉर्ड 1HG, कॅमरी 4T1. क्राउन जपानहून येते, 'जे'ने सुरू, ती बाद. लीजही बाद. एकट्याचं उत्पन्न 1 लाख किंवा जोडप्याचं 2 लाखांच्या वर गेलं की वजावट कमी होत जाते.

सायोतोकाठ
हे माहीतच नव्हतं! मग उद्या डीलरला काय विचारू?

बारीक_अक्षर
जाऊ नका, ईमेल करा. तीन डीलरांना एकच मजकूर: ट्रिम, रंग आणि 'आउट-द-डोअर' आकडा, कर व फीसकट. काचेवर दोन कागद असतील. मोनरोनी स्टिकर कायद्याने लावलेला, कारखान्याचा. शेजारचा डीलरचा, त्यात टायरमधला नायट्रोजन, काचेवर कोरलेला नंबर, पेंट प्रोटेक्शन. तो दुसरा कागद काढून टाकल्याशिवाय बोलणी सुरू करू नका.