आपल्या मेटल ग्रुपचा मॅस्कॉट काढायचा आहे: पोळ्याचा बैल घ्यावा की मारबत?

रिफवाला_महाल

नमस्कार मंडळी. आपला मेटल म्युझिकचा ग्रुप आता चांगलाच वाढला, नागपूरचे तर आहेतच पण वर्धा, चंद्रपूर, अमरावतीचे पोट्टे पण रोज काही ना काही टाकून राहिले, रात्री उशिरापर्यंत डिस्कॉर्डच्या चॅटवर थ्रॅश मेटल भारी की डेथ मेटल यावर वाद चालते, आणि एवढं सगळं असून आपला चेहरा काय तर कुठूनतरी डाऊनलोड केलेली एक कवटी, जी अजून ढीगभर पेजवर सापडते. मले हे लय खटकते. आयर्न मेडन बँडजवळ एडी नावाचा मॅस्कॉट आहे, मेगाडेथजवळ विक रॅटलहेड आहे, मोटरहेडचा स्नॅगलटूथ तर असा की ज्यानं बँडचं एक गाणं ऐकलं नाही तो पण टीशर्टवर पाहून ओळखते. आपल्याले पण एक पाहिजे, इथला.

माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, चाकांवरचा, फक्त शिंगं मोठी आणि गळ्यात काटेरी पट्टा. गायक रॉनी जेम्स डिओनं शिंगांसारखी उभी केलेली दोन बोटं स्टेजवरून गाजवली तेव्हापासून शिंगं म्हणजे आपली खूणच झाली, त्यामुळे बैल बसते बरोबर. दुसरी म्हणजे मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीनं नेतात ती मोठी मूर्ती. इतवारीच्या गर्दीत काळी मारबत डोक्यावरून पुढे सरकते तेव्हा अंगावर जो काटा येते तो मले एकाही अल्बम कव्हरनं दिला नाही, खरं सांगतो. पण ती लोकांच्या श्रद्धेची गोष्ट आहे, कोणाचं मन दुखलं नाही पाहिजे.

तर कोणतं घ्यावं, काढावं कसं म्हणजे छोट्या आयकॉनपासून टीशर्टपर्यंत चालेल, आणि आर्टिस्टले पैसे देऊन काढून घेतलं तर हक्क कोणाचा, एवढं सांगा. वर्गणी करायची तयारी आहे.

जुना_कॅसेटवाला

भाऊ, विषय चांगला काढला. मी त्या पिढीचा ज्यांनी एडी आधी पाहिला आणि मेडन नंतर ऐकलं. सीताबर्डीवर कॅसेट घ्यायला गेलो की कव्हर बघूनच उचलायची, आतमध्ये काय आहे ते घरी गेल्यावर कळायचं. म्हणून सांगतो, मॅस्कॉट ही सजावट नाही, तो आधी बोलतो आणि बँड नंतर.

एडीचा जन्म कसा झाला ते बघ म्हणजे तुझं उत्तर सापडेल. तो आधी चित्रात नव्हताच, स्टेजच्या मागे लावलेला एक मुखवटा होता फक्त. मग चित्रकार डेरेक रिग्जनं आधीच काढून ठेवलेलं एक चित्र मॅनेजरला दिसलं, त्यातल्या पंक छापाच्या माणसाचे केस वाढवायला सांगितले आणि १९८० साली पहिल्या अल्बमवर तो आला. नंतर काय काय झालं त्याचं! १९८४ मध्ये इजिप्तचा फॅरो, १९८६ मध्ये भविष्यातला यंत्रमानव, २०१५ मध्ये माया संस्कृतीतला, २०२१ मध्ये सामुराई. चित्रकार पण बदलले, १९९२ चं कव्हर मेल्विन ग्रांटचं आहे, शेवटची दोन मार्क विल्किन्सनची, तरी पोरगं लांबून बोट दाखवून सांगतं की हा एडी. म्हणजे डोकं ठरलेलं पाहिजे आणि अंगावर काहीही चढवता आलं पाहिजे. २००७ ला मेडन बंगलोरला पॅलेस ग्राउंड्सवर आले तेव्हा मी इथून रेल्वेनं गेलो होतो, मैदानात ज्या पोराशी बोलावं त्याच्या छातीवर वेगळा एडी, आणि भाषा वेगळी असली तरी त्या टीशर्टावरूनच गप्पा सुरू व्हायच्या.

विकचं उलटं आहे. त्याला एकच कल्पना दिली आणि ती घट्ट धरली. डोळ्यांवर पत्रा ठोकलेला, कान बंद, तोंड जखडलेलं, वाईट बघू नका ऐकू नका बोलू नका या तीन माकडांचंच भयंकर रूप ते. १९८५ पासून आहे आणि अजूनही अर्थ शिळा झालेला नाही. स्नॅगलटूथ १९७७ चा, जो पेटाग्नो नावाच्या चित्रकारानं गोरिला, लांडगा, कुत्रा यांची कवटी एकत्र करून त्याला रानडुकराचे सुळे दिले. असा प्राणी जगात कुठेच नाही म्हणून तो दुसऱ्या कशासारखा वाटत नाही.

या हिशोबानं तुझा बैल मला कच्चा वाटतो. आवडीचा आहे, पण शिंगवाला रागीट बैल जिमच्या बोर्डावर आहे, ट्रॅक्टरच्या मागे आहे, कबड्डीच्या बनियनवर आहे. लाकडी चाकं काढली की उरतं ते सगळ्यांचंच.

गंज_लागलेली_तार

मी विरोधात. कवटीच ठेवा. मेटलला गाव नसतं, नॉर्वेचा असो की नागपूरचा, काळा कपडा आणि कवटी सगळ्यांना कळते. उद्या कोणी बाहेरचा जॉईन झाला तर त्याला बडग्या-मारबत समजावत बसायचं का?

जगनाथ_बुधवारी

वरच्या भावाले आधी सांगतो, एडी समजायले कोणाले लंडनला जाऊन राहा लागलं नाही. चित्रात दम असला तर लोक स्वतःच विचारतात हे काय आहे, आणि तेव्हा सांगायले आपल्याजवळ गोष्ट पाहिजे. कवटीची गोष्ट काय सांगसान?

आता मारबतीचं. मी त्याच भागातला आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात कोणी कामावर जात नाही. काळी १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, आणि दोघींचा मान वेगवेगळा आहे हे बाहेरच्याले कळत नाही. काळी म्हणजे वाईट शक्ती, तिले भोसले घराण्यातल्या बांकाबाईच्या इंग्रजांशी झालेल्या फितुरीशी जोडतात, तिच्यासोबत गावावरची ईडापीडा बाहेर न्यायची. पिवळीचं मात्र बाया लेकरं घेऊन दर्शन घेतात. तिच्या तोंडात सुळे काढून, हातात गिटार देऊन तुम्ही टीशर्ट विकसान तर माह्या आजीले काय वाटेल ते मी आत्ताच सांगू शकतो. भांडण म्हणून नाही म्हणत, पण जी मूर्ती लोक वर्षभर मनात ठेवतात ती आपल्या ग्रुपचं चित्र म्हणून वापरायची नाही, अशी माही हात जोडून विनंती आहे. काळी पण नको, कारण जिच्यासंगं रोगराई पाठवतो तिलेच घरात कायले आणायचं.

पण बडग्या घ्या ना! त्याच्याकडे कोणाचं लक्षच कसं नाही गेलं. मारबतीच्या मिरवणुकीत मागून बडगे, म्हणजे बांबू-कागदाचे पुतळे निघतात, ते दरवर्षी नवे, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, ज्या वर्षी लोकांले जे छळते त्याचा. पोट्टे बनवतात, मोहल्ला बनवतो, "घेऊन जा गे मारबत" ओरडत नेतात आणि शेवटी जाळतात. पुढच्या वर्षी नवीन अंग, नवीन विषय. कॅसेटवाले काका जे एडीचं सांगून राहिले, दर अल्बमले नवा अवतार, ते आपल्या गल्लीत शंभर वर्षांच्या वर चालू आहे.

शाई_आणि_ब्रश

बडग्या! हे वाचल्यापासून मी स्केचबुक घेऊन बसले आहे, कॉलेजचं सबमिशन बाजूला राहिलं.

बघा, मेटलच्या चित्रात सांगाडा का असतो, तर आतली रचना बाहेर दिसली की भीती वाटते. बडग्याला हाडं नाहीत, बांबूच्या कामट्या आहेत. म्हणजे छातीचा कागद फाटलेला आणि आत बरगड्यांच्या जागी वाकवलेल्या कामट्या, सुतळीनं बांधलेल्या गाठी, मधून बाहेर आलेलं तणस. कवटीवाल्या दादांना पण चालेल असं वाटतं, कारण लांबून ती बरगडीच दिसते आणि जवळ गेल्यावर कळतं की हा माणूस नव्हताच कधी, याला आपणच बांधला. मला तर हे कवटीपेक्षा जास्त भयंकर वाटतं.

डोकं मी असं धरते आहे: वरून सपाट, मडक्यासारखं गोल नाही, डोळे बाहेर आलेले आणि रंगवलेले, एक डोळा पावसानं ओघळलेला, भरघोस मिशा, आणि तोंड उघडं पण दात नाहीत, आत कामट्यांची जाळी. डोक्याच्या एका बाजूला जळायला सुरुवात झाली आहे. तो ओघळलेला डोळा आणि जळती बाजू कायम राहणार, बाकी अंगावर दरवर्षी काहीही चढवा. ज्यांना चित्रकला येत नाही त्यांनी पण पेनानं वहीच्या कोपऱ्यात काढला तर ओळखू आला पाहिजे, ही माझी पहिली अट. दुसरी अट अशी की सगळं चित्र काळ्या रंगानं भरून टाकलं आणि फक्त बाहेरची आकृती उरली तरी तोच दिसला पाहिजे. स्नॅगलटूथला करून बघा, सुळ्यांवरून लगेच कळतो.

लहान साईझचं म्हणाल तर पूर्ण अंग तिथे चालणारच नाही. डिस्कॉर्डची इमोजी १२८ बाय १२८ पिक्सेलची आणि चॅटमध्ये तर त्याहून कितीतरी छोटी दिसते, तिथे फक्त चेहरा, तोही मोठ्या सपाट भागांमध्ये, कामट्या तीन-चारच. मोठं चित्र आकसून छोटं करायचं नसतं, छोटं वेगळं काढायचं असतं. व्हॉट्सॲप स्टिकर ५१२ बाय ५१२ आणि १०० केबीच्या आत लागतो, त्याला बाहेरून पांढरी कड द्या नाहीतर डार्क मोडमध्ये बडग्या गायब. मी रफ कृता या चित्राच्या प्रोग्रॅममध्ये काढते आणि फायनल इंकस्केपमध्ये व्हेक्टर करते (म्हणजे कितीही मोठं केलं तरी चित्र फाटत नाही), दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत, म्हणजे नंतर ग्रुपमधलं कोणीही फाईल उघडून पुढचा अवतार बनवू शकेल.

आणि एआयचं कोणी काढायच्या आधीच सांगते, नको. हाताने बांधायच्या गोष्टीचं चित्र हातानेच झालं पाहिजे.

स्क्रीन_छपाई_सक्करदरा

माझा छपाईचा धंदा आहे म्हणून दोन गोष्टी. ताई, तुमची कामट्यांची कल्पना छपाईले एक नंबर आहे, कारण काळ्या टीशर्टवर मधल्या फटी आपल्याले छापाच लागत नाहीत, कपडा तसाच दिसू द्यायचा, तो अंधार फुकटात भेटते. कागद पांढऱ्या शाईत, जळती बाजू संत्र्याच्या रंगात, झाले दोन रंग. एका रंगाले एक स्क्रीन लागते, रंग वाढले की खर्च वाढते, आणि काळ्या कपड्यावर कोणताही रंग उठून दिसायले खाली पांढरा बेस मारा लागते, म्हणजे संत्रा रंग पण पांढऱ्याच्या वर बसवायचा. शेडिंग पाहिजे असलं तर हाफटोनचे ठिपके टाका, पण बारीक नका टाकू, धुतल्यावर जातात. एक पॉइंटपेक्षा बारीक लाईन पण ठेवू नका, सुतळीचे धागे असे जाडेच काढा.

गाडीवर लावायले रेडियम कापून पाहिजे असलं तर तिसरं चित्र लागेल, फक्त एका रंगाचं आणि सगळे तुकडे एकमेकाले जोडलेले. सुटे तुकडे राहिले तर चिकटवता चिकटवता जीव जाते. एवढं एकदाच करून ठेवलं तर पुढं कायचा त्रास नाही.

कागदपत्रवाला

हक्काचा प्रश्न मागेच राहिला. ग्रुप ही कायद्याच्या नजरेत कोणी नाही, त्यामुळे करार करायला दोन-तीन अॅडमिननी स्वतःच्या नावानं सही करावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच होतं, व्हॉट्सॲपवर "हो दादा वापरा" म्हणण्यावर राहू नका. आणि त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरतेच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि नंतर वाद होतात. माझं मत विचाराल तर सगळे हक्क ताईंकडून काढून घेऊच नका. मूळ चित्र त्यांचं, ग्रुपला वापरायची आणि सदस्यांना नवे अवतार काढायची परवानगी, टीशर्ट विकला तर त्यातला ठरलेला वाटा त्यांना, आणि नाव प्रत्येक ठिकाणी. एक पान पुरतं. मी मसुदा लिहून देतो, पैसे नकोत.

गंज_लागलेली_तार

कामट्यांच्या बरगड्या वाचून माझं मत बदललं. फक्त हसरा नका करू त्याला.

रिफवाला_महाल

एवढं भेटेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यायचे मनापासून आभार. बुधवारीच्या भाऊले शब्द देतो, मारबतीले हात लावणार नाही, नावात पण नाही आणि चित्रात पण नाही. बडग्या फायनल. ताई, तुम्ही म्हणता तो ओघळलेला डोळा मले आत्ताच दिसून राहिला. वर्गणीतले पहिले पैसे तुमचेच, काम पूर्ण व्हायच्या आधी अर्धे, आणि कागदपत्रवाल्या भाऊचा कागद सही झाल्यावरच सुरुवात.

एक माझ्याकडून जोडतो. बडग्या दरवर्षी काहीतरी घेऊन जाते, तर आपला पण नेईल. दरवर्षी पोळ्याच्या आधी ग्रुपवर मतदान करू की यंदा याच्या पाठीवर काय लादायचं, आणि त्यावरूनच त्या वर्षीचा अवतार. माझं यंदाचं मत, गिगले आलेल्या पोरींना इनबॉक्समध्ये त्रास देणारे. बाकीच्यांनी आपापलं लिहा.

शाई_आणि_ब्रश

माझं पण तेच मत. मग यावेळी त्याच्या हातात फुटलेले मोबाईल बांधते, सुतळीनं, माळेसारखे.

जगनाथ_बुधवारी

चित्र झालं की मले पाठवा, पुढच्या गिगसाठी मी खराखुरा बांधून देतो, स्टेजच्या मागे उभा करू. बांबू आणि माणसं माह्याकडे आहेत. फक्त हॉलचा दरवाजा किती उंच आहे ते मोजून सांगा, आमच्याकडचे बडगे गल्लीच्या हिशोबानं बनतात, तिथं वर आभाळ मोकळं असते.

स्क्रीन_छपाई_सक्करदरा

दरवाजा सात फुटाचा आहे, मागच्या वेळी मीच बॅनर नेला होता. डोकं वेगळं बनवा, आत नेऊन बसवू.