शब्दचर्चा : ‘मध्यवर्ती बँकेतील ठेवी’

प्रश्न : ‘मध्यवर्ती बँकेतील बँकांच्या ठेवी वाढल्या’ असा मथळा वर्तमानपत्रात वाचला. आमच्या दारव्हा तालुक्यात ‘मध्यवर्ती’ म्हणजे सोसायटीचे पीककर्ज जिथून येते ती जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. त्यामुळे शेजारच्या काकाजींनी ‘यंदा लोकांजवळ पैसा आला’ असा अर्थ लावला. तो बरोबर आहे काय?

उत्तर : नाही, मात्र दोष काकाजींचा नसून शब्दांचा आहे. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘मध्यवर्ती बँक’ म्हणजे देशाच्या चलनाची व्यवस्था पाहणारी बँक, आपल्याकडे 1 एप्रिल 1935 पासून काम करणारी रिझर्व्ह बँक. खेड्यात याच नावाने जिल्हा बँक ओळखली जाते, आणि कोणी ‘सेंट्रल बँक’ म्हटले तर 1911 साली स्थापन झालेली तिसरीच, व्यापारी बँक डोळ्यांसमोर येते. म्हणून बातमीत सरळ ‘रिझर्व्ह बँक’ लिहावे. सोसायटीचे खाते जसे जिल्हा बँकेत, तसे बँकांचे खाते रिझर्व्ह बँकेत, एवढे सांगितले की संबंध कळतो.

‘ठेव’ हा शब्द अधिक फसवा आहे. ‘ठेवणे’पासून आलेल्या या शब्दात ठेवणाऱ्याची इच्छा, घेणाऱ्यावरचा विश्वास आणि आजच्या व्यवहारात व्याजाची अपेक्षाही गृहीत असते. बँकांना आपल्या ठेवींच्या ठरावीक प्रमाणात जी रक्कम रिझर्व्ह बँकेकडे ठेवावीच लागते, तीत यांतले काहीच नाही: ती सक्तीची आहे आणि 2007 पासून तिच्यावर व्याजही मिळत नाही. तिच्या प्रमाणाला ‘रोख राखीव प्रमाण’ म्हणतात ते योग्यच, कारण पेरणीसाठी बाजूला काढलेल्या बिजवाईला आपणही ‘ठेव’ म्हणत नाही, ‘राखून ठेवलेली’ म्हणतो. हे प्रमाण डिसेंबर 2024 मध्ये 4 टक्क्यांवर आणि 2025 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये चार टप्प्यांत 3 टक्क्यांवर आणले गेले. त्या काळात ही रक्कम घटली असेल, तर तीवरून बँका गरीब झाल्या असे म्हणता येणार नाही. नियम बदलला, एवढेच.

खरी ‘ठेव’ वेगळी आहे. एप्रिल 2022 पासूनच्या ‘स्थायी ठेव सुविधे’त बँका हातातला जादा पैसा स्वेच्छेने रिझर्व्ह बँकेकडे ठेवतात आणि व्याज घेतात. ही रक्कम फुगली तर बाजारात पैसा मुबलक आहे, किंवा बँका एकमेकींना व ग्राहकांना उसने देण्यास कचरत आहेत, असे दोन अर्थ निघतात, आणि नुसता आकडा पाहून त्यांतला कोणता खरा हे ठरत नाही. युरोपात 2012 च्या मार्चमध्ये तेथील मध्यवर्ती बँकेतील अशा ठेवी 800 अब्ज युरोंच्या वर गेल्या, तेव्हा ते बँकांच्या परस्पर अविश्वासाचे लक्षण मानले गेले. जुलैमध्ये त्यांवरील व्याज शून्य करताच हा आकडा निम्म्याहून खाली आला, पण पैसा बराचसा त्याच बँकेतील चालू खात्यांत सरकला होता. अविश्वास काही एका रात्रीत संपला नव्हता.

प्रतिसाद : एक भर घालतो. दिवाळीनंतर कापसाचा चुकारा नगदीने होऊ लागला की बँकांना नोटा जास्त लागतात. त्या रिझर्व्ह बँकेकडून घेतल्या की तिथल्या खात्यातील रक्कम तेवढी कमी होते. म्हणजे आमच्याकडे बाजार तेजीत असताना हा आकडा उतरू शकतो. काकाजींचा अर्थ तर पूर्ण उलटला! मग दोन्ही रकमांना मिळून ‘शिल्लक’ म्हटले तर?

उत्तर : चालेल, पण ‘शिल्लक’ म्हणजे खर्चून उरलेले असाही अर्थ असल्यामुळे सक्तीच्या रकमेला तो थोडा खटकतो. तरीही रोजकिर्दीच्या आरंभी ‘श्री शिल्लक’ लिहिणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना तो केवळ खात्यातला त्या दिवशीचा आकडा सांगतो, आणि बातमीलाही तेवढेच सांगायचे असते.