ट्राय बाइक: एरोबारवर वाकलं की बधीरपणा, कोणती सीट घ्यावी?

लाटांवरचा_पांडू:
ट्राय बाइकवर (पोहणं-सायकल-धावणं अशा ट्रायथलॉन शर्यतीची सायकल) लांब टोकाची, रोड बाइकवाली सीट आहे. एरोबारवर (कोपरं टेकून पुढे वाकायचं हँडल) अर्धा तास झाला की पुढचा भाग बधीर होतो, उठून बसलं की मुंग्या येतात. जेल कव्हरने त्रास वाढलाच. बुडाच्या हाडांमधलं अंतर १२० मिमी भरलं. १४३ मिमी रुंदीची घेऊ की १५५ ची? गोव्याची ७०.३ (अर्ध-आयर्नमॅन ट्रायथलॉन) करायची आहे, म्हणजे ९० किमी सायकल.

घाटमाथा:
कव्हर आजच काढा. हाडांखालचं जेल दबतं आणि मधे फुगून येतं, म्हणजे नेमकं जिथे दाब नको तिथेच.

१२० हा आकडा रोड बाइकवर कामाचा, इथे फारसा नाही. कोपरं पॅडवर टेकली की कंबर पुढे झुकते आणि भार मागच्या हाडांवरून जघनाच्या हाडांच्या दोन कडांवर येतो. लांब टोक त्या दोन कडांच्या मधल्या नसा आणि रक्तवाहिन्या चेपतं, म्हणून बधीरपणा. त्यामुळे मागची रुंदी सोडा, टोक बघा. आयएसएम कंपनीसारखी दुभंगलेल्या टोकाची सीट याचसाठी असते. बसायचंही त्या दोन फाट्यांवरच. मागचा भाग रिकामा दिसला तर बिचकू नका. मांड्या घासत असतील तर त्यांची अरुंद पीएन मालिका बघा. काही जण फाटे झिप टायने (प्लास्टिकच्या पट्टीने) किंचित आवळून घेतात, तेही चालतं.

सुटा_नट:
वरच्याशी सहमत, पण खर्चाआधी कोपरांचे पॅड १–२ सेंमी वर घेऊन बघा. हँडल फार खाली किंवा लांब असेल तर माणूस सारखा पुढे घसरतो, आणि मग कुठलीही सीट टोचते.

नवी बसवताना हमखास होणारी चूक: जुन्या सीटचं टोक जिथे होतं तिथेच नवीचं आणणं. दुभंगलेली सीट आखूड असते, टोक साधारण ४–५ सेंमी मागे ठेवा. उंची पुन्हा मोजा, क्रँकच्या मध्यापासून (पेडलचे दांडे जिथे फिरतात तिथून) प्रत्यक्ष बसता त्या जागेपर्यंत, कारण सीटची जाडी वेगळी असते. जास्त उंच झाली तर कंबर डावी-उजवी हलते आणि जांघेत फोड येतात. सीटचा कल आधी सपाट, मग एकेक अंश खाली. ३ अंशांच्या पुढे गेलात की भार हातांवर आणि खांद्यांवर येतो. एका वेळी एकच गोष्ट बदला.

सीटखालच्या रेल (आधाराच्या दांड्या) कार्बनच्या असतील तर त्या धरणारा क्लॅम्प आधी तपासा. त्या बहुधा ७×९ मिमी लंबगोल असतात, ७ मिमी गोल रेलच्या क्लॅम्पमध्ये आवळल्या तर तडकतात.

लाटांवरचा_पांडू:
दुकानात बसून बघू देत नाहीत. पारख कशी करायची?

घाटमाथा:
परत घेणाऱ्याकडूनच घ्या, नाहीतर क्लबमधल्या कुणाची आठवडाभर मागा. घरच्या ट्रेनरवर (सायकल जागीच चालवायचा स्टँड) पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून बाइक सपाट करा आणि तासभर एरोबारवरच राहा. तिथे सायकल डुलत नाही, उताराची विश्रांतीही नाही, त्यामुळे खोट लवकर उघडी पडते. कपडे मात्र ट्राय सूटच (तिन्ही प्रकारांत घालायचा एकच सूट), तोही भिजवून. त्याचं बुडाखालचं पॅड पातळ असतं आणि स्पर्धेत तुम्ही पोहूनच सायकलवर येणार. जाड पॅडच्या बिबमध्ये (खांद्यांवर पट्टे असलेली सायकलची चड्डी) केलेली चाचणी फुकट.

एकाच बाजूला दुखलं तर सीट वरच्या नळीच्या रेषेत आहे का ते आधी बघा. उतरल्यावरही बधीरपणा तासन्तास राहत असेल तर मात्र सीट बदलत बसू नका, डॉक्टर गाठा.