उत्तर: दीड टनाच्या एसीला ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर पुरेल का?

४ केव्हीए पुरेल, पण केव्हीएआधी, म्हणजे क्षमतेआधी, वर्किंग रेंज बघा: किती ते किती व्होल्टपर्यंत तो काम करतो. रात्री व्होल्टेज १५०पर्यंत उतरतं म्हणताय, मग १७० ते २७०वाला स्टॅबिलायझर उपयोगाचा नाही; तो आउटपुट कट करून, म्हणजे एसीची वीज तोडून बसेल. १३० किंवा १४०पासून सुरू होणारा घ्या.

त्याआधी एक करा. रात्री एसी चालू असताना मल्टिमीटरने विजेच्या मीटरपाशी आणि एसीच्या सॉकेटला, दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. मीटरपाशी २२० आणि सॉकेटला १९० आलं, तर दोष घरच्या वायरिंगचा: बारीक वायर नाहीतर ढिला स्क्रू. तिथे स्टॅबिलायझर लावणं म्हणजे दुखणं वाढवणं. १५०० वॉटला २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर लागतात, १५०वर बूस्ट करताना (व्होल्टेज वाढवून देताना) मागच्या वायरिंगमधून दहाच्या वर ओढले जातात. ढिला जोड तिथेच काळा पडतो. एसीला ४ चौरस मिमीची तांब्याची वेगळी लाइन हवी.

टाइम डिले (वीज आल्यावर एसी थांबून सुरू करणं) तीन मिनिटांचा हवाच, कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. हाय-कट (व्होल्टेज फार वाढलं की वीज तोडणं) आहे का, हे मात्र विचारूनच घ्या. न्यूट्रलची वायर तुटली की घरात ३५०-४०० व्होल्टही येतात. इन्व्हर्टर एसी असेल तर आधी त्याच्या माहितीपुस्तिकेतली रेंज वाचा, कदाचित खर्चच वाचेल.