जिताडा : मोठा ठेवायचा की सोडायचा?

गळाने मासे धरणाऱ्यांना दिला जाणारा “लहान सोडा, मोठा ठेवा” हा सल्ला खाडीतल्या जिताड्याला निम्माच लागू पडतो. हा मासा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. मीटरभराचा जिताडा म्हणजे बहुधा लाखो अंडी देणारी मादीच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर (तिकडे याला बारामुंडी म्हणतात) म्हणूनच ५८ सेंमीच्या खालचा आणि १२० सेंमीच्या वरचा, दोन्ही सोडावे लागतात. आपल्याकडे तो नियम नाही, पण कुंभार्ली घाट उतरून वाशिष्ठीच्या खाडीवर जाणाऱ्या सातारा-सांगलीकरांनी तीच पट्टी लावायला हरकत काय? माप तोंड मिटवून, मासा आडवा ठेवून, शेपटीच्या टोकापर्यंत.

सोडायचाच असेल तर खरी तयारी गळापासून. जिवंत कोळंबी लावली की साधा गळ पोटात जातो; सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात बसतो. मात्र त्यावर झटका द्यायचा नाही, नुसती दोरी गुंडाळत जायची. सवयीने हिसका दिलात की गळ निसटलाच. कल्ल्याचं झाकण पात्यासारखं धारदार असतं, त्यामुळे लीडर (गळाजवळचा दोरीचा मजबूत तुकडा) ४० ते ६० पौंड ताण सोसणारा घ्या, बोटं तिथे घालू नका. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नका, पोटाखाली ओला हात द्या. गळ खोल गेला असेल तर ओढाओढ न करता दोरी कापा.

वाशिष्ठीत मगरी आहेत. कृष्णाकाठच्यांना वेगळं सांगायला नको, पण मासा सोडायला पाण्यात उतरू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा होडी ठरवू नका.